चॅम्पियन पळते

नागपुरातल्या नंदनवन वस्तीतली खोली मला मिळाली ती एका थापेमुळे. घरमालक ओट्यावर बनियनवर बसले होते. त्यांनी गाव विचारलं, मी यवतमाळ सांगितलं. नोकरी विचारली, तर औषधाच्या कंपनीत आहे, हाडांच्या गोळ्या घेऊन डॉक्टरांच्या दारात बसतो, असं सांगितलं. आता जात विचारतील, मटण खातो का विचारतील, लग्नाचं विचारतील, म्हणून मी उत्तरं जुळवून उभा होतो. तर म्हणाले, "बॉक्सिंग पाहतं का?"

मी उभ्या जन्मात बॉक्सिंग पाहिलेलं नव्हतं. पण तीन रात्री बसस्टँडजवळच्या लॉजवर काढल्या होत्या आणि ढेकणांनी अंग फोडून काढलं होतं. म्हटलं, "पाहतो ना काकाजी. लहानपणापासून."

"मंग सांग. चॅम्पियन पळते का नाही पळत?"

कोणता चॅम्पियन, कुठून कुठे पळतो, मला काय डोंबल माहीत. चॅम्पियन झाल्यावर माणूस पळेल कशाला, असा साधा विचार केला आणि ठोकून दिलं, "नाही पळत."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून हाक दिली, "अवं, दोन कप चहा टाक. बोलाचालीले माणूस भेटला."

नंतर कळलं, माझ्या आधीचा भाडेकरू त्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे काकाजी" म्हणायचा. सहा महिन्यांत त्यांनी त्याला खोली खाली करायला लावली. "त्याच्यापेक्षा भिंत बरी," म्हणाले.

काकाजी वीज खात्यातून लाईनमन म्हणून रिटायर झालेले. हातात घातले असतील ते लाईनमनचे रबरी मोजे, बॉक्सिंगचा ग्लोव्ह त्यांनी दुकानातसुद्धा हातात धरून पाहिला नसेल. पण जगातल्या यच्चयावत चॅम्पियनांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं: चॅम्पियन पळतो. रिंगणातून नव्हे, रिंगणात यायच्या आधीच. जो माणूस त्याला खरोखर पाडू शकतो, त्याच्याशी तो लढतच नाही. सोपे सोपे गडी निवडतो, पट्टा कमरेला बांधून मिरवतो, आणि त्या एका माणसाचं नाव निघालं की त्याचा खांदा दुखायला लागतो.

"मी तीस वर्सं खांबावर चढलो," काकाजी म्हणायचे. "कधी वायरले म्हटलं का, का बा खांदा दुखून राहिला, पुढच्या महिन्यात येतो?"

अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात, आणि नागपुरात रविवारी सकाळी तर्री पोहे, म्हणजे हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा ओतलेले पोहे, असतात, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींसाठीच बनल्या आहेत असं काकाजी मानत. आधी घरात बुद्धवंदना व्हायची. काकू पुढे, काकाजी मागे, डोळे मिटून पंचशील म्हणायचे. कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही, इथून सुरू होऊन पाचवं शील तोंडातून निघतं न निघतं तोच काकाजींचा हात रिमोटवर जायचा.

"आत्ताच काय म्हटलं तुमी?" काकू विचारायच्या.

"आपुन कोणाले मारून राहिलो का? आपुन पाहून राहिलो फक्त."

या उत्तरावर काकूंचं कधीच समाधान झालं नाही, पण तर्रीत त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. अशी झणझणीत तर्री की पहिल्या घासाला कानातून वाफ निघायची.

तिसरे सभासद होते पीटी सर. गल्लीच्या टोकाला राहायचे, शाळेत कवायत शिकवायचे आणि रविवारीसुद्धा गळ्यात शिट्टी घालून यायचे. ते आणि मी एका बाजूला, काकाजी दुसऱ्या बाजूला. त्या वेळी सगळा वाद एका जोडीवर पेटलेला असायचा. एक चॅम्पियन होता, त्याचे पुढचे दोन दात सोन्याचे होते म्हणून आम्ही त्याला दातवाला म्हणायचो. आणि एक होता डावखुरा, ज्याच्या डाव्या हाताखाली आलेला माणूस सहसा स्वतःच्या पायांनी घरी जात नसे. तीन वर्षं ही लढत होणार होणार म्हणत होती आणि होत नव्हती. आधी दातवाल्याचा खांदा दुखला. मग वजन जमेना. मग तारीख जमेना. मग म्हणे आधी एक हलकी लढत घेतो, हात मोकळा करतो.

"हा धंदा आहे काकाजी," पीटी सर म्हणायचे. "चॅम्पियन नाही पळत. त्याचा मॅनेजर त्याले पळवते."

"हाव, अन् त्याच्या घरी बायको नसन का? ते म्हणत नसन का त्याले, काहून जी, डावखुऱ्याले भेता का?"

"बायको म्हणन," आतून काकूंचा आवाज यायचा, "पण ऐकते कोण?"

मी सुरुवातीला गप्प बसायचो, कारण मला काही येत नव्हतं. पण वादासाठी खोली मिळाली आहे हे कळल्यावर मी रोज संध्याकाळी मोबाईलवर जुन्या लढती पाहायला लागलो. दोन महिन्यांत असा तयार झालो की डॉक्टरांना गोळ्यांबद्दल सांगताना माझ्या तोंडून बॉक्सिंग निघायला लागलं. काकाजी प्रत्येक फेरीला मोठ्याने गुण द्यायचे, "दहा-नऊ, डावखुरा," आणि त्यावर अपील चालत नसे. त्यांची वेताची खुर्ची आधी दारापाशी असायची. मग ती दिवाणाजवळ आली, मग टीव्हीच्या अगदी पुढ्यात. मला वाटलं, आवड वाढत चालली आहे.

रविवार सोडला तर बाकीचे सहा दिवस काकाजी धंतोलीत, नागपूरच्या दवाखान्यांच्या वस्तीत, असायचे. त्यांचं गाव कुहीकडचं. तिकडे कोणाला मुतखडा झाला, कोणाला मोतीबिंदू, कोणाचा गुडघा गेला, कोणाच्या छातीत कळ आली, की तो माणूस पहिल्या एसटीने पिशवीत एक्स-रे घालून थेट नंदनवनात उतरायचा. आदल्या दिवशी फोन करण्याची पद्धत नव्हती. मी सकाळी दात घासत गच्चीवरून खाली पाहायचो, तर अंगणात कोणीतरी म्हातारा उकिडवा बसलेला असायचा आणि काकू त्याला चहा देत असायच्या.

धंतोलीतल्या दवाखान्यांबद्दल काकाजींना जी माहिती होती ती आमच्या कंपनीलाही नव्हती. कोणत्या दवाखान्याची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते, कुठे चपला चोरीला जातात, कोणता डॉक्टर समजावून सांगतो आणि कोणता नुसता मान हलवतो, कुठली सिस्टर सुई हळू टोचते, सगळं तोंडपाठ. त्यांची एक खाकी थैली होती, तिच्यात पाण्याची बाटली, पारले बिस्किटं, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आणि चार सेफ्टी पिना असायच्या. ते पेशंटचा हात धरून चालायचे आणि दर दहा पावलांनी एकच वाक्य म्हणायचे, "भिऊ नको, मी आहे ना." ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर बाकावर बसून राहायचे, मग चार तास लागोत की आठ.

मला मात्र ते पेशंट समजत नव्हते, मला ते चॅम्पियन समजत, म्हणजे पळणारा. धंतोलीत हाडांचे एक डॉक्टर होते, ते आमच्यासारख्या लोकांच्या हातातली रंगीत पत्रकं घ्यायचे, तोंडादेखत उभी फाडायचे आणि टोपलीत टाकायचे. मी तीन महिने त्यांच्याकडे गेलोच नाही, रिपोर्टात सरळ लिहायचो, डॉक्टर बाहेरगावी. हे एकदा बोलताना माझ्या तोंडून निसटलं.

"म्हंजे तू बी पळते," काकाजी म्हणाले आणि चपला घालायला लागले.

माझ्या गाडीवर मागे बसून आले. वेटिंगमध्ये पेशंटांच्या रांगेत बसले आणि मला खुणेने आत जा म्हणाले. मी आत गेलो आणि दोन मिनिटांत बाहेर आलो.

"फाडलं?"

"फाडलं."

"मेला का तू?"

"नाही."

"मंग चाल. आता दर महिन्याले येजो."

मी गेलो. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनाच कंटाळा आला आणि त्यांनी गोळ्या लिहायला सुरुवात केली. आयुष्यात मला जे काही थोडं धैर्य आलं, ते या माणसाने मागून ढकलल्यामुळे आलं, हे मी मान्य करतो. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला इतका राग आला.

शेवटी एकदाची दातवाल्याची आणि डावखुऱ्याची लढत ठरली. काकाजी मात्र खूश नव्हते. "डावखुरा अडतीसचा झाला आता," ते म्हणाले. "त्याले म्हातारा होऊ देला अन् मंग आला लढाले. हे बी पळनंच आहे, फक्त हळू." पीटी सर म्हणाले, लढतो आहे ना, मग झालं. त्या रविवारी वंदना जरा लवकरच आटोपली.

सहाव्या फेरीनंतर नेट अडकलं. आवाज चालू राहिला आणि चित्र थांबलं. पडद्यावर दातवाला स्टुलावर बसलेला, तोंड वर केलेलं, कोणीतरी डोक्यावर पाणी ओततंय आणि ते पाणी हवेतच थबकलेलं. मागे सातवी फेरी सुरू झाली, इंग्रजी बोलणारा ओरडायला लागला, लोक ओरडायला लागले.

"पाह्य," काकाजी पुढे झुकून म्हणाले, "पाह्य कसा मागं सरकून राहिला. दोरीले टेकला. अन् हे तुमचा चॅम्पियन म्हणे."

मी हसणार होतो. मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांचा चेहरा लढत पाहणाऱ्याचा होता, मान डावीकडे उजवीकडे हलत होती. मी पीटी सरांकडे पाहिलं. पीटी सरांनी पोह्याचा चमचा खाली ठेवला.

"काकाजी," पीटी सर हळूच म्हणाले, "आज दातवाल्याची चड्डी कोणत्या रंगाची आहे?"

"चड्डीनं काय होते बे? हात पाह्य त्याचे."

हवेत थबकलेलं पाणी अजून तसंच होतं. स्वयंपाकघराच्या दारात काकू तर्रीचा डाव घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मग चित्र चालू झालं. काकाजींनी फेरीचे गुण जाहीर केले, दहा-नऊ, डावखुरा, आणि आमच्यापैकी कोणीही अपील केलं नाही.

दुपारी मी काकूंना एकटं गाठलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"उजव्यानं तं काहीच नाही दिसत त्याईले," त्या म्हणाल्या. "डाव्यानं धुरावानी दिसते. चहा कपाच्या बाहेर ओततात अन् म्हणतात, कप गळून राहिला. पेशंटले चिठ्ठी वाचाले लावतात, तूच वाच बापा, तुले समजलं पाहिजे म्हणून. लोकाईले वाटते हेच हात धरून नेऊन राहिले. हात तं यायनं धरला राहते त्या पेशंटचा."

मोतीबिंदू. ज्याच्यासाठी काकाजींनी अर्धी कुही धंतोलीत नेऊन बरी करून आणली होती, तो साधा मोतीबिंदू. मला इतका संताप आला की मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "आहे थोडासा. पण अजून पिकला नाही."

"आंबा आहे का तो?" पीटी सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

त्यानंतर वर्षभरात काकाजींनी जी कारणं दिली ती दातवाल्याच्या मॅनेजरनेही लिहून घ्यावीत अशी होती. उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत, घामानं खराब होते. पावसाळ्यात इन्फेक्शन होते. हिवाळ्यात कुहीचे पेशंट जास्त असतात, त्यांना कोण पाहील. शुगर जरा वर आहे. शुगर खाली आली तर म्हणाले, आता जरा जास्तच खाली आहे. एकदा तर म्हणाले, आधी दात दाखवून येतो.

"हलकी लढत घेऊन राहिले," पीटी सर माझ्या कानात म्हणाले.

शेवटी काकूंनीच निकाल दिला. एका रविवारी वंदना झाली, काकाजींनी रिमोट दाबला आणि टीव्ही लागला नाही. काकूंनी वायर काढून तांदळाच्या कोठीत घातली होती. "डोळा होईपर्यंत बॉक्सिंग बंद," त्या म्हणाल्या. "अन् पोहे बी बंद." पीटी सरांचा आणि माझा यात काही गुन्हा नव्हता, पण आमचेही पोहे बंद झाले.

दोन रविवार काकाजींनी भिंतीकडे पाहत काढले. तिसऱ्या आठवड्यात ते नुसतं तपासून यायला तयार झाले. डॉक्टरांनी उजवा डोळा पाहिला आणि फार स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदू नको तितका जुना झाला आहे, आत दाब वाढायला लागला आहे, महिन्याभरात काढला नाही तर तो डोळा कायमचा जाईल, मग कोणी काही करू शकणार नाही.   काकाजींना पुढच्या बुधवारी डोळ्यात बसवायच्या भिंगाच्या मोजमापासाठी बोलावलं होतं आणि न्यायचं काम माझ्याकडे आलं.

त्या बुधवारी मी गोंदियाच्या दौऱ्यावरून पहाटेच्या गाडीने परतलो होतो. दवाखान्यात एका लांब बाकावर पेशंटांची रांग बसवली होती. एक जाडजूड सिस्टर हातात बाटली घेऊन एका टोकापासून सगळ्यांच्या डोळ्यात थेंब टाकत येत होती, बाहुली मोठी करायचे थेंब. मी काकाजींच्या शेजारी बसलो आणि भिंतीला डोकं टेकवलं. डुलकी लागलीच असावी.

"आज कोणाला आणलं काकाजी?" सिस्टरचा आवाज आला. तिने त्यांना इतक्या वर्षांत कधी पेशंट म्हणून पाहिलंच नव्हतं.

काकाजी म्हणाले, "हा बसला ना."

मला काही कळायच्या आत माझी मान मागे गेली, पापणी वर गेली आणि डोळ्यात आग झाली. मी म्हणालो, "अहो, मला कशाला?"

"सगळे हेच म्हणतात," सिस्टर म्हणाली आणि दुसरी पापणी ओढली. मी उठायला गेलो तर तिने खांदा दाबून बसवलं. आणि माझ्या कानाशी अगदी ओळखीचा आवाज आला, "भिऊ नको, मी आहे ना."

आता इथे मी आरडाओरडा करायला हवा होता, काकाजींचा कागद दाखवायला हवा होता, त्यावर वय सदुसष्ट लिहिलेलं होतं. पण सिस्टरने डोळे मिटून ठेवायला सांगितलं आणि मी ठेवले. कवायतीच्या सरांच्या नादी लागल्याचा तो परिणाम असेल. अर्ध्या तासाने आतून काकाजींचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. काकाजी माझ्या शेजारी श्वास रोखून बसून होते. चौथ्यांदा दुसऱ्याच कोणाचं तरी नाव आलं.

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर लिफ्टजवळच्या बाकावर आणलं, म्हणजे आणायचा प्रयत्न केला. दार कुठे आहे ते नीट दिसेना. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते डोळ्यात घुसत होतं. लांबचं सगळं पांढरं पडलं होतं, जवळचं सगळं फिसकटलं होतं. माझ्या हाताची बोटं मोजता येत नव्हती. एवढ्यात फोन वाजला. काकूंचाच असणार. मी मोबाईल नाकाशी धरला, मग लांब धरला, हिरवं बटण काही सापडेना. काकाजींना दिला. त्यांनी तो उलटा धरला. फोन वाजून वाजून बंद झाला.

"काय केलं हे काकाजी तुम्ही?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "लोकांना शेंबड्या पोरासारखं धरून आणता इथे. मला त्या डॉक्टरसमोर ढकललं. आणि स्वतः? दातवाला तरी तीन वर्षांनी आला रिंगणात."

 मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक पिवळट डाग दिसत होता. मला वाटलं, या माणसाला रोज हेच दिसत असेल, काकू, टीव्ही, रस्ता, सगळं असंच.

"माह्या बापाले मीच नेलं होतं," काकाजी म्हणाले. "शिबिर लागलं होतं डोळ्याचं. मी नोकरीले नवा होतो. बाप भेत होता, म्हणे राहू दे, जेवढं दिसते तेवढं पुरते. मी सायकलवर बसवलं त्याले. सारा रस्ता म्हणत गेलो, भिऊ नका, मी आहे ना. पट्टी काढली तं जे दिसत होतं ते बी गेलं. अकरा वर्सं जगला मंग. बांधावर हात धरून न्या लागे. मले एका शब्दानं बोलला नाही कधी."

लिफ्ट आली, कोणीतरी उतरलं, लिफ्ट गेली.

"मंग मी चांगले डॉक्टर शोधत गेलो," ते म्हणाले. "एक एक माणूस बरा होऊन गावाले जाते तं मले वाटते, चाल, थोडं फिटलं. पण माह्या डोळ्यावर कोणी हात ठेवला का मले बापच दिसते, सायकलवर मांगं बसलेला. मी नाही जाऊ शकत बापा. मी पळतो. आहे मी पळपुटा."

 चॅम्पियन नाही पळत, असा वाद मी या माणसाशी तीन वर्षं घातला होता. फोन पुन्हा वाजला. या वेळी वॉचमन आला आणि त्याने बटण दाबून दिलं.

काकू ऑटो घेऊन आल्या. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बाकावर बसलेलो आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यातलं माझं थेंबांमुळे होतं, असं मी अजूनही सांगतो. काकूंनी एकदा माझ्याकडे, एकदा काकाजींकडे पाहिलं असणार. "एक नेला होता आंधळा," त्या म्हणाल्या, "दोन झाले." दोघांना दोन हातांनी धरून खाली आणलं आणि ऑटोत कोंबलं. उन्हापासून वाचायला आम्ही दोघांनी त्यांचा पदर दोन बाजूंनी डोळ्यावर ओढून घेतला. ऑटोवाल्याने आरशात पाहून विचारलं, "क्या हुआ माताजी, दोनों का ऑपरेशन एकसाथ?"

"एक का होना बाकी है," काकू म्हणाल्या.

 घराशी उतरल्यावर काकूंनी काकाजींना ओट्यावर बसवलं आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बापाची गोष्ट त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होती.

"तुमचा बाप तुमच्या भरवशावर गेल्ता," त्या म्हणाल्या. "तुमी माह्या भरवशावर चला. डोळा गेला तं मी हात धरून फिरवीन. आता बी तेच करून राहिलो ना आपुन?"

काकाजींनी मान खाली घातली. हो म्हणाले नाहीत, पण खांदा दुखतो असंही म्हणाले नाहीत. सोमवारी ते गेले. खाकी थैली काकूंच्या हातात होती. थिएटरच्या दारात वॉर्डबॉयने चाकाची खुर्ची आणली. त्यांनी ती नाकारली आणि भिंतीला हात लावत लावत आत चालत गेले. वीस मिनिटांचं ऑपरेशन होतं. मी आणि पीटी सर बाहेर बसलो होतो आणि पीटी सरांनी शिट्टी तोंडात धरून ठेवली होती, वाजवायची म्हणून नव्हे, दातांना चावायला काहीतरी हवं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. आत एकच माणूस सोडतात, म्हणून काकू म्हणाल्या, तू जा. मला कळलं, त्यांना आत यायची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला. काकाजींनी डोळा उघडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, उघडा. मी म्हणालो, उघडा काकाजी. शेवटी त्यांनी तो असा हळू उघडला की मला माझाच श्वास ऐकू आला. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. ते वरून वाचत गेले, पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सहाव्या ओळीत एका अक्षरावरून त्यांनी डॉक्टरांशी वाद घातला आणि वादात काकाजी बरोबर निघाले. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढा काळा आहेस तू?"

काळा चष्मा लावून ते बाहेर आले. काकू भिंतीशी उभ्या होत्या, थैली पोटाशी धरून.  काकाजी त्यांच्यासमोर जाऊन थांबले आणि चष्मा वर केला. डॉक्टरांनी बजावलं होतं, काढू नका, तरी वर केला.

"तुह्या केसाले काय झालं वं?"

"काय होईन? पिकले."

"कधी?"

"झाले तीन-चार वर्सं."

काकाजींनी त्यांचा हात धरून उजेडात घेतला. मनगटाच्या वर एक लांब, चकाकणारा डाग होता.

"अन् हे?"

"तेल उडालं होतं. तर्री करताना."

"सांगतलं नाही."

"सांगाची गोष्ट आहे का?"

ते त्यांच्या गळ्याच्या वर आलेल्या हाडांकडे पाहत राहिले, सैल झालेल्या बांगड्यांकडे, मग परत चेहऱ्याकडे.  काकू म्हणाल्या, "लावा तो चष्मा, ऊन लागन," आणि स्वतःच तो खाली ओढून नीट बसवला.

मग काकाजी माझ्याकडे वळले. मला वाटलं, ऑटो बोलाव म्हणतील.

"जाय गा," ते म्हणाले, "काउंटरवर इचारून ये. दुसऱ्या डोळ्याची पहिली तारीख कोणती भेटते, ते घेऊन ये."